आज गाडी कुठल्या गावाला

आमच्या विजूच्या अंगावर मावळातली पाच गावं होती. डाव्या मांडीवर सोमाटणे, उजव्या मांडीवर उर्से, डाव्या दंडावर कामशेत, उजव्यावर वडगाव आणि पोटावर, बेंबीच्या दोन्ही अंगांना पसरलेलं, वडिवळे. ही गावं मी डोळ्यांनी पाहिली ती फार उशिरा. आधी ती लेकीच्या अंगावरच पाठ झाली. अजूनही एसटीतून जाताना कंडक्टरनं ‘सोमाटणे’ म्हणून आवाज दिला की माझा हात आपोआप डाव्या मांडीवर जातो.

ही गावं तिथं वसवली आमच्या डॉक्टरीणबाईंनी.

बाईंचा दवाखाना लोणावळ्याच्या बाजारापासून जरा आत होता. दोन खोल्या, बाहेर पत्र्याची पडवी, पडवीत एक बाक. बाई उंच, हाडापेरानं मोठ्या. पावसाळ्यात लुगडं चिखलात भिजू नये म्हणून त्या ते घोट्याच्या वर पिना मारून ठेवत, आणि पायात शाळेतली मुलं कवायतीला घालतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट. पाऊस संपला तरी पिना आणि बूट तसेच. लोक आधी हसत, मग हसायचे थांबले. त्या कधी बसत नसत. दवाखान्यात खुर्ची होती, पण तिच्यावर दुधी भोपळा ठेवलेला असे. पेशंट तपासायचा तो उभ्यानं, चहा घ्यायचा तो उभ्यानं, हिशेब करायचा तोही खिडकीच्या फळीवर उभ्यानंच. कुणी म्हटलं, बाई, बसा जरा, तर म्हणत, बसले की मला झोप येते आणि झोपेत मी चुकीची औषधं देते.

आणखी एक. त्या मोठ्या माणसांना सरसकट ‘तू’ म्हणत आणि लहान मुलांना ‘तुम्ही’. माझ्या यजमानांना, जे रेल्वेत खलाशी होते आणि मिशीला पीळ देऊन दवाखान्यात शिरले होते, त्यांना पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “तू जरा बाहेर उभा राहा.” आणि पाच वर्षांच्या विजूला म्हणाल्या, “तुम्ही या आत. चपला काढू नका, फरशी गार आहे.” तेव्हापासून विजू त्यांची झाली.

विजूला साखरेचा आजार होता. आता मधुमेह म्हणतात, तेव्हा आमच्याकडं साखरेचाच म्हणत, आणि तो खात्यापित्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना होतो असा सगळ्यांचा समज. खलाशाच्या पोरीला कुठून झाला, हे मला चाळीतल्या बायकांनी इतक्यांदा विचारलं की पुढं पुढं मीच घाबरून लाजायला लागले, जणू मी काही लपवून तिला चारत होते. पोरगी पाण्याचे तांबेच्या तांबे रिचवी, रात्री अंथरूण ओलं करी आणि दिवसेंदिवस काडी होत चालली होती. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेली तेव्हा ती डोळे उघडत नव्हती. तिथं ती वाचली. घरी पाठवताना त्यांनी मला एक काचेची सिरिंज, दोन सुया, इन्शुलिनची बाटली आणि पुष्कळ सूचना दिल्या. मी खान्देशातली. आई गेल्यावर भावंडं सांभाळायची म्हणून चौथीतून शाळा सुटली. त्या सूचनांतल्या निम्म्या मला कळल्या, निम्म्या भीतीनं ऐकूच आल्या नाहीत. रोज सकाळी मांडीत द्यायचं, नाही दिलं तर पोरगी जाईल, एवढं पक्कं डोक्यात बसलं.

मग मी रोज मांडीत देत होते. उजव्या मांडीत. विजूच बोट ठेवून दाखवी, आई, इथं दे, इथं दुखत नाही. कुठली आई म्हणेल की नाही, जिथं दुखतं तिथंच देते?

तरी साखर काही उतरत नव्हती. तेव्हा आतासारखी यंत्रं नव्हती. परीक्षानळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, आणि विटकरी झालं म्हणजे फार. आमच्याकडं रोजच विटकरी. पुण्याला जाऊन दाखवलं की औषध वाढवून देत. वाढवलं तरी विटकरीच. पोरीचं वजन पुन्हा उतरायला लागलं आणि सासऱ्यांचा गावाकडून निरोप आला की पोरीला घेऊन इकडे या, सुया टोचून कुणी बरं होत नसतं, आपण इथं काय ते बघू. आमच्या गावात इन्शुलिन सोडा, साधा बर्फही मिळत नव्हता. ‘काय ते बघू’ म्हणजे काय, हे मला कळत होतं. यजमानांनी रजेचा अर्ज लिहून खिशात ठेवला होता.

अशा वेळी आम्ही बाईंकडं गेलो. बाईंनी पुण्याचे कागद आधी बघितलेच नाहीत. विजूला टेबलावर बसवलं, तिचा फ्रॉक वर सारला, स्वतःचे डोळे मिटले आणि एका बोटानं तिच्या मांडीवर चाचपायला सुरुवात केली. आंधळं माणूस भिंत धरून चालतं तसं ते बोट हळूहळू चाललं होतं. एका जागी थांबलं.

“इथं कोण राहतं?” बाईंनी डोळे मिटूनच विचारलं.

विजू म्हणाली, “सुई.”

“रोज?”

“रोज. इथं दुखत नाही.”

मग त्यांनी माझं बोट धरलं, डोळे मिटायला लावले आणि त्याच जागी फिरवलं. वरून काही दिसत नव्हतं. पण आत कणकेच्या गोळ्यासारखं घट्ट काहीतरी होतं. त्या म्हणाल्या, एकाच जागी रोज टोचलं की कातडीखाली अशी गाठ धरते. ती मुकी असते म्हणून दुखत नाही, आणि मुकी असते म्हणूनच औषध पुढं जाऊ देत नाही. तू पोरीला रोज औषध देत होतीस, ते रोज तिथंच अडकत होतं. हे सगळं त्यांनी आवाज न चढवता सांगितलं आणि वर म्हणाल्या, “रडायचं असेल तर पडवीत जाऊन रड. इथं सुया उकळतायत.”

मी पडवीत जाऊन रडून आले. तेवढ्या वेळात विजूच्या अंगावर गावं वसली होती. बाईंनी निळ्या पेन्सिलीनं तिच्या अंगावर गोल काढले होते आणि प्रत्येकाला नाव दिलं होतं. एसटी रोज एकाच गावाला गेली तर त्या रस्त्याला खड्डे पडतात, बाकीच्या गावांना माल पोचत नाही आणि खड्ड्यात अडकलेला मालही कुजतो. म्हणून गाडी रोज नव्या गावाला न्यायची. कुठल्या गावाला, ते विजू सांगणार. मात्र एकदा जाऊन आलेल्या गावाला बाकीची चारही गावं झाल्याशिवाय पुन्हा जायचं नाही, आणि गावातसुद्धा रोज त्याच पारावर गाडी उभी करायची नाही. उर्से तर पुरतं बंद, रस्ता दुरुस्त होईपर्यंत.

मी विचारलं, औषध किती द्यायचं? माझी खरी भीती तीच होती. सिरिंजवर दोन तऱ्हेच्या रेघा होत्या आणि मला त्या बघितल्या की शाळेतल्या पाटीवर गणित चुकल्यासारखं व्हायचं. बाईंनी खणातून नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली काढली. त्यांच्या स्वतःच्या नखांना मी कधी रंग पाहिला नाही. त्यांनी त्या रंगानं सिरिंजवर एक बारीक रेघ ओढली, पुण्यानं सांगितलेल्या मापाच्या बरीच खाली. म्हणाल्या, नव्या रस्त्यावर गाडी जोरात पळते, म्हणून माल कमी भरायचा. तुला आकडे वाचायचे नाहीत. लाल रेघेपर्यंत ओढायचं. उकळून उकळून रेघ पुसट झाली की माझ्याकडं यायचं.

सुई द्यायला शिकवायची त्यांची रीत पण निराळी. खुर्चीतला तो दुधी भोपळा त्यासाठीच. आईबापांनी त्यात पाणी टोचून हात बसवायचा. दिवसभर टोचून घेतलेल्या दुधीची संध्याकाळी त्या भाजी करून खात आणि दुसऱ्या दिवशी सांगत, तुझा हात चांगला आहे, भाजी मऊ झाली होती. भोपळ्यानंतर स्वतःला टोचायचं, मिठाच्या पाण्यानं. मी मांडीपाशी सुई नेली आणि परत मागं घेतली. त्या शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, “घाबर. पण मनगट घाबरू देऊ नकोस.” पुढं आयुष्यात हे वाक्य मला इन्शुलिनपेक्षा जास्त ठिकाणी कामाला आलं.

मुलांना मात्र ‘दुखणार नाही’ असं त्यांनी कधी सांगितलं नाही. म्हणत, दुखेल, मुंगी चावते तेवढं दुखेल, हवं तर ओरडा, पण पाय हलवायचा नाही.

त्यांची चिक्कीची गोष्ट सांगायला हवी. लोणावळ्यात राहायचं आणि पोरीला गोड द्यायचं नाही, म्हणजे नदीकाठी राहून पाण्याकडं बघायचं नाही. मी विजूला बाजारातून नेताना तिचे डोळे पदरानं झाकायची. हे बाईंनी एकदा समोरून येताना पाहिलं. त्यांनी रस्त्यातच पदर बाजूला केला, विजूचा हात धरला आणि तिला एकेका दुकानासमोर उभं करून नुसता वास घ्यायला लावला. ही शेंगदाण्याची, ही तिळाची, ही खोबऱ्याची. दुकानदार हात जोडून तुकडा पुढं करी, तर तो त्या स्वतः घेऊन विजूच्या देखत कुडूमकुडूम खात. मला तेव्हा राग आला. मग विजूला म्हणाल्या, “चिक्की जगात राहणार आहे. तुम्हीही राहणार आहात. ओळख ठेवा.” महिन्याभरात पोरगी डोळे मिटून वासावरून दुकान सांगायला लागली आणि तिचं रडणं थांबलं. त्यानंतर बाईंनीच तिच्या फ्रॉकला आतून एक खिसा शिवायला लावला आणि त्यात कागदात गुंडाळून चिक्कीचा तुकडा ठेवला. औषध जास्त पळालं, हात थरथरले, घाम सुटला की आधी साखरेचं पाणी आणि मग हा तुकडा. तो औषध आहे, खाऊ नाही. विजूनं त्या तुकड्याला एरवी कधी दात लावला नाही.

साखर उतरली. नळी हिरवी यायला लागली, मधूनच निळीसुद्धा. पोरगी शाळेत जायला लागली. यजमानांनी रजेचा अर्ज खिशातून काढला, पण फाडला नाही, ट्रंकेत ठेवला.

आता मावशीविषयी सांगते, कारण तिच्याशिवाय बाईंची गोष्ट पुरी होत नाही. आमच्या रेल्वेच्या चाळीत शेजारच्या खोलीत मावशी राहत होती. तिचा नवरा गँगमन. माहेर वडिवळ्याचं, भातशेतीतलं. छप्पन्न सालानंतर त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर आली होती, आणि चाळीतल्या काही बायका त्यांच्या घागरीला आपली घागर लागू देत नसत. मी त्या चाळीत नवी होते, माझ्या बोलण्याला सगळ्या हसत, ‘तुझी भाषा कुठली ग’ म्हणत. मावशी हसली नाही. पहिल्या दिवशी तिनं नुसतं विचारलं, “चूल पेटती का?” आणि स्वतःच्या शेगडीतले निखारे आणून दिले. तेव्हापासून ती माझी माणूस.

विजूच्या पोटावर वडिवळे आहे हे कळल्यावर मावशीला काय वाटलं, ते सांगून कळणार नाही. तिच्या गावाला तेव्हा एसटी जात नव्हती, कामशेतपासून पायी जावं लागे. ती साऱ्या चाळीला सांगत सुटली, “आमच्या वडिवळ्याला पयली गाडी आली ती हिच्या पोटावं.” विजूही कमी नव्हती. मावशीनं एखाद दिवशी गोष्ट सांगायला नकार दिला की म्हणे, मग तुझ्या गावाला गाडी नाही.

सकाळी सुई दिली की मला नळावर पळावं लागे, कारण पाणी तेवढाच वेळ यायचं. मी येईपर्यंत मावशी विजूपाशी बसे, तिला भाकरी चारे, वेणी घाले आणि शाळेत सोडून येई. असं बरेच दिवस छान चाललं. उर्सेही तोवर उघडलं होतं.

आणि मग त्या पावसाळ्यात विजू शाळेत बेशुद्ध पडली. मधल्या सुट्टीच्या आधी, पाटीवर लिहिता लिहिता. घामानं भिजलेली, दात आवळलेले. गुरुजींनी पळत बाईंकडं नेली म्हणून वाचली. बाईंनी मला बोलावून सगळं विचारलं. भाकरी केवढी खाल्ली, ते त्यांनी माझ्याकडून हाताच्या तळव्यावर दाखवून घेतलं. लाल रेघ तपासली. सुई तपासली. डोळे मिटून पाचही गावं चाचपली. कुठंच काही नाही. चार दिवस बरे गेले, आणि पाचव्या दिवशी पुन्हा तेच. ह्या खेपेला गुरुजी म्हणाले की पोरगी बरी होईपर्यंत शाळेत आणू नका, माझ्या वर्गात काही झालं तर मी काय करू. त्यांचंही खरं होतं.

तिसऱ्यांदा घरी झालं. मी दार उघडून आत आले तर विजू जमिनीवर थरथरत पडलेली आणि मावशी तिचं डोकं मांडीवर घेऊन साखरेचं पाणी ओठांना लावत होती. त्या संध्याकाळी यजमानांनी ट्रंकेतून तो रजेचा अर्ज काढला. बाई मला म्हणाल्या, “आता एकदा झालं तर मी हिला पुण्याला भरती करणार. किती महिने, ते मला सांगता येणार नाही.” यजमान म्हणाले, पुण्याला कोण राहणार, त्यापेक्षा गावी. म्हणजे इकडं आड आणि तिकडं विहीर, आणि मध्ये माझी पोरगी.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला काही न विचारता विजूलाच विचारलं, की तुम्ही पडलात तेव्हा गाडी कुठं गेली होती?

विजूनं आठवून सांगितलं. पहिल्यांदा वडिवळे. दुसऱ्यांदा वडिवळे. काल, वडिवळे.

बाईंनी खिडकीच्या फळीवर तिन्ही दिवस लिहून काढले. मग म्हणाल्या, पोटातलं औषध जरा लवकर चढतं हे मला माहीत आहे, पण इतकं नाही. आजपासून वडिवळे बंद. मी हे येऊन मावशीला सांगितलं तर तिचा चेहरा पडला. “आमच्या गावानं काय क्येलं?” एवढंच ती म्हणाली. दोन-तीन दिवस चार गावांत फिरून सगळं ठीक चाललं. पण बाईंना ते पुरलं नाही. बंद करणं म्हणजे उत्तर नव्हे, असं त्यांना वाटलं असणार. एका सकाळी धो धो पावसात, बूट चिखलात बरबटलेले, भली मोठी छत्री घेऊन त्या आमच्या चाळीत हजर. म्हणाल्या, “आज गाडी वडिवळ्याला. मी बरोबर जाणार.” साखरेचं पाणी त्यांनी स्वतः कालवून हाताशी ठेवलं. मी सुई दिली. मला म्हणाल्या, तू रोजच्यासारखी नळावर जा. मी गेले, पण घागर लावली आणि तशीच परत येऊन दाराबाहेर उभी राहिले.

मावशी नेहमीसारखी आली. बाई दिसल्या म्हणून जरा बुजली, पण तिनं तिचं काम सुरू केलं. शेगडीवर तवा ठेवला, फडक्याची घडी केली, तव्यावर गरम केली, गालाला लावून बघितली आणि विजूचा फ्रॉक वर करून सुईच्या जागेवर अलगद ठेवली. विजूनं सुखानं डोळे मिटले.

बाई एका पावलात पुढं झाल्या आणि त्यांनी ते फडकं उचललं. “हे काय?”

“शेक,” मावशी म्हणाली. “टोचल्यालं असतंय, त्यात ही गारठ. पोटाला गार लागू न्हाई.”

“रोज देतेस?”

“न्हाई ओ बाई. रोज कुटं. वडिवळ्याची पाळी असली की मंग.” आणि मग जरा लाजून म्हणाली, “आमचं गाव हाय न्हवं ते. तेवडं तरी कराया नगं?”

बाई आमच्या उंबऱ्यापाशी आल्या आणि तिथंच, चिखलाच्या बुटांसकट, खाली बसल्या. मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

तिथूनच त्यांनी समजावून सांगितलं. गरम लागलं की कातडीखालचं रक्त पळतं आणि रक्ताबरोबर औषध पळतं. दिवसभर पुरवायचं ते औषध सकाळीच सगळं अंगात उतरतं. भाकरी कमी पडते, साखर एकदम खाली जाते. मावशीला अर्धं कळलं, पण जे कळलं ते पुरे होतं. तिनं तवा शेगडीवरून उतरवला आणि स्वतःच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पावसाळ्यात चाळीत कुणाला काम नसतं. गोष्ट घटकेत सगळीकडं झाली. नळावर एक बाई मला म्हणाली, मी तुला आधीच म्हणणार होते, तिच्या हाती पोर देऊ नको. दुसरी म्हणाली, मुद्दाम करतात हो. मला उलटून बोलायला हवं होतं, पण मी परक्या गावात होते आणि ह्या बायकांतच मला राहायचं होतं. मावशी त्या दिवशी बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. विजू तिच्या दाराशी बसून हाका मारी. तिच्या नवऱ्यानं बदलीसाठी विचारलंय, असंही कानावर आलं.

तिसऱ्या दिवशी बाई पुन्हा आल्या. ह्या वेळी नळावर, पाण्याच्या वेळेला, जेव्हा सगळी चाळ तिथं असते. छत्री मिटून त्या मधोमध उभ्या राहिल्या आणि मास्तर वर्गात बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, “नकाशा मी काढला. पोरीच्या पोटाला गावाचं नाव मी दिलं. माणूस आपल्या गावाला जपणारच, हे मला कळायला हवं होतं. चूक डॉक्टरची आहे. ज्याला बोलायचं असेल त्यानं दवाखान्यात येऊन मला बोलावं.” मग त्यांनी मावशीचं दार वाजवलं. उघडेना, तर म्हणाल्या, “मावशी, पोरीला सुई दिल्यावर कुणीतरी हवं. शेक बंद. फुंकर चालेल.”

आतून आवाज आला, “कसली?”

“फुंकर. तोंडानं घालतात ती.”

दार उघडलं. बाईंनी तिथंच, सगळ्यांच्या समोर, लुगड्याचा पदर सावरून दंड उघडा केला आणि मावशीसमोर धरला. “घाला बघू.” मोठ्यांना ‘तू’ म्हणणाऱ्या बाईंच्या तोंडून ‘घाला’ आलं. मावशीनं पदरानं तोंड पुसलं आणि त्यांच्या दंडावर फुंकर घातली. बाई म्हणाल्या, “फार आखूड. लांब हवी.” मावशीनं छाती भरून परत घातली. “ही बरोबर.” एवढं बोलून त्या छत्री उघडून गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून वडिवळे सुरू झालं. सुई निघाली की मावशी गुडघे टेकून बसे आणि विजूच्या पोटावर लांबच्या लांब फुंकर घाली. इतकी लांब की विजूला हसू येई. पुन्हा कधी ती शाळेत पडली नाही. रजेचा अर्ज कधीतरी शेगडी पेटवायला गेला, तो मी टाकला की यजमानांनी, ते आता आठवत नाही. गुरुजींनी पोरीला परत वर्गात घेतलं. आणि त्या दिवसानंतर बाई मावशीला कायम ‘तुम्ही’ म्हणत राहिल्या. चाळीत ‘तुम्ही’ मिळालेलं एवढं एकच मोठं माणूस.

पुढं लाल रेघ वर सरकत गेली, कारण पोरगी वाढत होती. दहाव्या-अकराव्या वर्षी विजूनं सिरिंज स्वतःच्या हातात घेतली. बाईंनी तिला मात्र दुधी दिला नाही. म्हणाल्या, ह्यांनी भोपळ्यापेक्षा जास्त पाहिलंय. मी घरी परतताना रडत होते, तर विजूच मला म्हणाली, आई, मनगट घाबरू देऊ नकोस.

बाई म्हाताऱ्या झाल्या, पण बूट तेच. एकदा पावसात पाय घसरून मांडीचं हाड मोडलं आणि तळेगावच्या एका दवाखान्यात त्या अंथरुणावर पडून राहिल्या. त्यांचं जवळचं असं कुणी नव्हतं. विजू तेव्हा मास्तरकीचा कोर्स करत होती. आम्ही दोघी भेटायला गेलो. मावशीला चालवत नव्हतं, तिनं पेजेसाठी वडिवळ्याचा तांदूळ पुरचुंडीत बांधून दिला होता. बाई सुकलेल्या, केस कापलेले. मी पाया पडायला वाकले, तर म्हणाल्या, तू आधी ती खिडकी लाव, ओल येतेय.

तेवढ्यात नर्स सुई घेऊन आली. नवी मुलगी होती, बिचारी घाईत. बाईंचा उजवा दंड पुढंच होता, तिनं तोच धरला. त्या दंडावर काळेनिळे डाग होते. रोज तिथंच देत असणार. बाईंना आता कुणाला सांगायचा कंटाळा आला असावा.

विजू म्हणाली, “सिस्टर, जरा थांबा.” मग बाईंकडं वळून तिनं विचारलं, “बाई, आज गाडी कुठल्या गावाला?”

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. “आधी रस्ता बघितलात का?”

विजूनं डोळे मिटले. एका बोटानं तिनं त्यांचा दंड हळूहळू चाचपला, वरून खाली, परत वर. एका जागी बोट थांबलं.

“वडगावचा रस्ता पार गेलाय, बाई.”

“मग कामशेतला चला.”

नर्स आमच्या तोंडाकडं बघत राहिली. मी तिला म्हटलं, डावा दंड. तिनं पलंगाला वळसा घातला आणि तिथं सुई दिली. सुई निघाल्यावर विजू वाकली आणि तिनं त्या जागेवर फुंकर घातली.

बाईंचे डोळे मिटलेले होते. “आखूड झाली,” त्या म्हणाल्या. “मावशींची लांब असते.”

विजूनं छाती भरून घेतली आणि पुन्हा घातली.